खाडीत उचललेलं पाऊल

खाडीवर पूल नव्हता आणि राजाचं नाव गावात कुणाला धड ठाऊक नव्हतं, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण चूक मोठ्यांची आहे.

त्या खाडीकाठी एक म्हातारा कोळी राहायचा. समुद्र खवळला होता, गावच्या होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. म्हाताऱ्याची लेक माहेरी बाळंत झाली होती आणि तिला दूध येत नव्हतं. बाळ रडायचं, रडून दमायचं, दमून झोपायचं आणि उठून पुन्हा रडायचं.

सुईण म्हणाली, "हिला ताज्या लेपाचं पाणी पाजा. दुसरं काही हिच्या पोटात ठरत नाही."

लेप म्हणजे वाळूला चिकटून पडणारा चपटा मासा. डोळे दोन्ही एकाच अंगाला. रात्री ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात चूड पेटवून त्याला शोधायचं आणि भाल्याने दाबायचं. म्हातारा रोज रात्री जात होता. पण एका हातात चूड, दुसऱ्यात भाला, आणि दोन्ही हात थरथरत. तो रिकाम्या हाताने परत यायचा आणि बाळाचं रडणं ऐकत पडून राहायचा.

अशात घाट उतरून जावई आला. धट्टाकट्टा, मनाचा चांगला, पण घायकुत्या. पाठीवरचं गाठोडं खाली टाकत तो म्हणाला, "मामा, भाला माझ्याकडे द्या. रानात डुकरं मारलीत मी. हा तर मासा!"

"जावईबापू, आपण आजच आलात. दमला असाल."

"दमलोय म्हणूनच म्हणतो, चला, उरकून टाकू."

दोघे पाण्यात उतरले. म्हाताऱ्याने चूड धरली, जावयाने भाला.

जावई धबाधबा चालला. पुढचं पाणी गढूळ झालं, मासे पळाले. म्हातारा हळूच म्हणाला, "जावईबापू, पाण्याच्या ओढीविरुद्ध चाललो तर गढूळ मागे जातं. आणि पाय न उचलता, वाळूवर घासत घेतलात तर बरं."

"घासत? म्हाताऱ्या बैलासारखं?"

म्हातारा कसंनुसं हसला. पाय घासण्याचं खरं कारण वेगळं होतं. त्या वाळूत पाकट ही लांब शेपटीची मासळी दडून बसायची. शेपटीवर विषारी काटा. घासत्या पायाचा धक्का लागला की ती निघून जाते. उचललेलं पाऊल वरून पडलं की काटा घालते. म्हणून त्या गावात जमिनीवर कुणी रेंगाळला तर त्याला खुशाल 'पाय उचल' म्हणत, पण पाण्यात तो शब्द कुणी काढत नसे. हे सांगायला म्हाताऱ्याने तोंड उघडलंही. मग वाटलं, पाहुण्याला पहिल्याच दिवशी भीती कशाला घालायची? जावयाला शिकवणारे आपण कोण? त्याने तोंड मिटलं.

थोड्या वेळाने चुडीच्या उजेडात ताटाच्या काठासारखी एक रेघ दिसली. वाळूतून दोन डोळे वर बघत होते.

"तो बघा," म्हातारा कुजबुजला. "भाला त्याच्या वर अलगद न्या. डोक्यामागे..."

जावयाने भाला फेकला. पाणी उडालं, लेप गेला.

"हरकत नाही," म्हातारा म्हणाला.

पुढचा लेप भाल्याखाली सापडला. तो वाळूत दाबून ठेवायचा आणि खालून हात घालून उचलायचा असतो. जावयाने झटक्यात भाला वर घेतला. मासा फाटून निसटला.

"हरकत नाही," म्हातारा पुन्हा म्हणाला. त्याला उभं राहवत नव्हतं.

भरती लागली. पाणी मांडीला आलं. जावई दमला होता, चिडला होता, आणि घरी रडणारं पोर त्याचं होतं. तो ओरडला, "मामा, पाय उचला की! अशाने सकाळ होईल!"

म्हातारा क्षणभर थांबला. नाही म्हणायला एकच शब्द लागतो. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा? आणि दमलेल्या माणसाला भांडण्यापेक्षा ऐकणं सोपं वाटतं. त्याने पाय उचलला, टाकला, पुन्हा उचलला. पाण्याखाली शेपटी वळली आणि म्हातारा किंचाळून कोसळला.

जावयाने त्याला खांद्यावर घेऊन घरी आणलं. सासूने सोसवेल तितक्या कढत पाण्यात त्याचा पाय बुडवला. घोटा काळानिळा होऊन सुजला होता.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" जावई रडकुंडीला येऊन म्हणाला.

"आपला मान..." म्हातारा पुटपुटला.

"चुलीत गेला मान!" सासू म्हणाली. आतल्या खोलीत बाळ रडत होतं. दुसऱ्या रात्री तिने पदर खोचला, चूड उचलली आणि दारात उभी राहिली. "चल रे. आज जावईबापू नाही आणि अहोजाहो नाही. पाय उचललास तर हीच चूड पाठीत घालीन."

"चालेल, मामी."

"चालेल नको म्हणू. घासत चाल."

रात्रभर ती त्याला टोकत राहिली. भाला खाली धर. आता थांब. फेकू नको, दाब. दाबून ठेव, मेल्या! हात खालून घाल. उजाडायच्या आधी जावयाच्या दोन्ही हातांत एक लेप फडफडत होता.

लेक त्या लेपाचं पाणी प्यायली, पुढच्या रात्री धरलेल्या लेपाचंही प्यायली, आणि तिला पान्हा फुटला. बाळ पोटभर प्यालं. त्या घरात सगळे इतके दमले होते की आनंदसुद्धा कुणी बोलून दाखवला नाही. जो तो जिथे होता तिथे झोपला.

म्हाताऱ्याची जखम भरली, पण घोटा कायमचा आखडला. तो पुन्हा खाडीत उतरला नाही.

तात्पर्य: ज्याचं भलं हवं, त्याचा मान राखायला गप्प बसू नये, त्याला वेळेवर टोकावं.