गोडमाईच्या दारातल्या चपला

एकदा काय झालं, एका तांबटाच्या घरी मुलगी जन्मली. नाव ठेवलं मंजुळा. घरात दिवसभर भांड्यांवर ठोक ठोक, ठोक ठोक, तरी पोरगी पाळण्यात गाढ झोपायची. तुमच्यासारखी नव्हती ती, डास गुणगुणला तरी उठून बसणारी. पडा बरं आडवे. पाय पांघरुणात घ्या. आजची गोष्ट जरा भीतीची आहे. नंतर माझ्याकडे तक्रार आणायची नाही.

मग मंजुळेचा बाप गेला. आईनं डोळे पुसले, हातोडी उचलली आणि स्वतः भांडी ठोकायला बसली. तेवढ्यावर तिनं लेकीला विद्या शिकवली. कुठली विद्या? तर निर्जीव वस्तूंना बोलतं करायची. पितळेची चाकं घ्यायची, तारा गुंडाळायच्या, त्यांना नीट समजावून सांगायचं, की मग चुलीवरचं पातेलं आपणहून ओरडायचं, "दूध उतू चाललं!" आपली मृण्मयीताई कंप्युटर शिकली ना, तसलंच काहीतरी. मृण्मयी, कुठली नोकरी धरू म्हणून नखं खाऊ नकोस. तूही ऐक.

शिक्षण झालं. पण त्या राज्यात एक नियम होता बरं का. शिकून बाहेर पडलं की पुढच्या अवसेच्या आत कुणाचं तरी काम धरायचं. नाही धरलं तर विद्या गंजायची. खरीखुरी गंजायची! माणसानं बोलायला तोंड उघडलं की तांबडी पूड पडायची. गावात असा एकजण होता. दिवसभर पारावर बसून खोकायचा आणि धोतरावरची पूड झटकायचा. मंजुळा त्या रस्त्यानं जायची नाही. लांबून वळसा घालायची.

मग एके सकाळी तिच्या कौलांवर तीन पक्षी येऊन बसले. पोपट, कावळा आणि साळुंकी. तिघांनी तीन ठिकाणची बोलावणी आणली होती. आई म्हणाली, "तिन्ही ठिकाणी जाऊन ये. डोळ्यांनी बघ. मग ठरव."

मंजुळा आधी पोपटामागून गेली. तो तिला राजाच्या महालात घेऊन गेला. काय तो महाल! पायऱ्या चांदीच्या, झोपाळा सोन्याचा. राजा म्हणाला, "हा झोपाळा तुझा. काम फक्त भिंतींचं." मंजुळा भिंतीजवळ गेली, तर भिंतीला कान! माणसांचे असतात तसे, मऊ, गरम. हात लावला की दचकायचे. राजा म्हणाला, "ऐकायला शिकल्यात. आता बोलायला शिकव. कोण माझ्याबद्दल काय बोलतं, ते त्यांनी मला सांगायचं." तेवढ्यात मंजुळेला शिंक आली, आणि महालातले सगळे कान टपकन तिच्याकडे वळले. ती जी पळत सुटली, ती चांदीच्या पायऱ्यासुद्धा दोन दोन उतरली.

मग कावळ्यामागून गेली. कावळ्यानं तिला नदीवर नेलं. तिथं मोठा बंधारा होता आणि बंधाऱ्याच्या पोटात एक अंधारी खोली. भिंतीपलीकडे पाणी घुमत होतं. वरून ठिबक ठिबक गळत होतं. आत बसला होता धोंडोबा. डोळे लाल, दाढी ओली, आणि आवाज असा, की भिंतीवरची पाल खाली पडावी.

"काय येतं तुला?" तो खेकसला.

मंजुळेनं आपली विद्या सांगितली. धोंडोबा म्हणाला, "बंधाऱ्याचे दरवाजे बोलते करायचे. पूर आला की त्यांनी गावाला हाक मारायची. अवघड आहे. चुकलीस तर ओरडेन. हात काळे होतील. पैसा बेताचा मिळेल." एवढ्यात बाहेर ऊन उतरलं, तसा तो पुन्हा खेकसला, "दिवेलागण झाली. जा आता!"

जा! ऐकलंत ना? आपल्यात कुणी निघालं तर आपण काय म्हणतो? "ये हं." "या बरं का पुन्हा." आणि हा तोंडावर "जा" म्हणतो! मंजुळेला फार लागलं ते. घरी येऊन रडली. म्हणाली, "आई, मेले तरी त्या राक्षसाकडे जाणार नाही."

राहिली साळुंकी. ती गोड गात पुढे उडाली आणि एका पिवळ्या घरापाशी थांबली. घर गोडमाईचं. दारात गोडमाई स्वतः उभी, गोल गोल, गोरी गोरी. "आलीस बाळ? दमलीस गं बाई! चपला काढ, आत ये. हे तुझंच घर समज." आत शिरा होता, गाद्या होत्या. कितीतरी माणसं यंत्रांपुढे बसलेली, सगळी हसत होती. "आम्ही इथं सगळे एकाच घरातले," ती म्हणायची. सगळी एका सुरात म्हणायची. धोंडोबाच्या खोलीनंतर मंजुळेला हे इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. सगळे इथंच राहतात का, ऊन अजून उतरलं कसं नाही, हे विचारायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

एकच झालं. निघताना चपला घालायला वाकली, तर दारात चपलांचा ढीग. आणि चपलांमधून गवत उगवलेलं. एका वहाणेत तर मुंगळ्यांनी वारूळ केलेलं. मंजुळा दचकून मागे सरली. पण गोडमाई शेजारीच उभी होती, तिच्या तोंडावरून हात फिरवत होती. मग काय बोलणार? आपण सगळेच म्हणतो तसं तीही म्हणाली, "बरंय माई, येते हं."

गोडमाई टाळी वाजवून हसली. "येते म्हणाली! येते म्हणाली!" आणि आतली सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "येते म्हणाली."

मंजुळा घरी आली. तर काय झालं, दारातला खंड्या कुत्रा तिच्यावर गुरगुरला. तिनंच पिल्लू असताना दूधभाकरी भरवून वाढवलेला खंड्या! तिला वाटलं, परक्या घराचा वास आला असेल.

दुसऱ्या दिवशी ती उठली, तर तिच्या अंथरुणाच्या कोपऱ्यात ज्वारीची पोती. तिची पेटी नाही, आरसा नाही. जणू तिथं कधी कुणी झोपलंच नव्हतं. आणि ती उठली होती ती ओसरीवर, उघड्या जमिनीवरून. आता मात्र तिच्या अंगावर काटा आला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. आई चुलीपाशी होती. मंजुळा म्हणाली, "आई." आईनं वळून पाहिलं. घाईघाईनं पदर सारखा केला. पाट मांडला, तांब्याभर पाणी ठेवलं, गुळाचा खडा ठेवला. आणि म्हणाली, "बसा हं. कुणाकडे आलात आपण?"

आपली आई आपल्याला "आपण" म्हणाली तर काय होईल रे तुमचं? मला विचाराल तर वाघ परवडला.

"आई, मी मंजुळा!" ती ओरडली. आई गोड हसली. "छान नाव आहे. आम्हाला मूलबाळ नाही हो." आणि कौलांवरून साळुंकी म्हणाली, "येते म्हणालीस, येते म्हणालीस. तुझं घर तिकडं. हे घर तुझं नाही."

तेव्हा मंजुळेला उमगलं. आपण निघताना रीत म्हणून बोललो, गोडमाईनं तो शब्द गाठीला बांधला. "तुझंच घर समज" हेही तिनं खरंच केलं. एका माणसाला दोन घरं कशी असतील? म्हणून ती हे घर पुसत होती.

मंजुळा काय करणार? रडत रडत पुन्हा त्या पिवळ्या घरी गेली. चपला मात्र काढल्या नाहीत. दाराआडून बघत राहिली. आत तीच दुपार होती. त्या घरात ऊन कधी उतरायचंच नाही, कारण गोडमाई माणसं खायची नाही बरं का, ती माणसांच्या संध्याकाळी खायची. एकेकाची संध्याकाळ शिऱ्याच्या घासासारखी तोंडात टाकायची आणि बोटं चाटायची. म्हणून ती इतकी गोल.

तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई यंत्रावरून उठली. दारापर्यंत आली. म्हणाली, "बरंय माई, येते हं." झालं! तिचे पाय आपोआप वळले आणि ती परत जाऊन यंत्रापुढे बसली. मग एक उंच माणूस उठला. दारापर्यंत आला. "येतो माई." तोही वळला. जो उठायचा तो तेच म्हणायचा, आणि तिथंच अडकायचा. शिकलीसवरलेली माणसं ती, पण निघताना दुसरं काय म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं.

मंजुळा पुढे झाली. म्हणाली, "माई, मी येते म्हणाले होते. ही आले. राहते असं मी म्हणाले नव्हते."

गोडमाईचं हसू जरा आंबलं. पण ती पक्की होती. म्हणाली, "खरं गं बाई. मग नीघ की. पण मोठ्यांच्या घरून न बोलता निघू नये. काय म्हणतेस निघताना?"

मंजुळेनं तोंड उघडलं आणि जिभेवर आलं, "ये..." तिनं जीभ चावली. रक्ताची चव आली.

आता दुसरा शब्द तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण आपण तो स्वतःसाठी उंबऱ्यात कधी उच्चारतो का? तिचा बाप आजारात एकदा उठून बसला, "जातो गं" म्हणाला, आणि गेलाच. तेव्हापासून त्यांच्या घरात त्या शब्दाला बंदी होती. तो म्हटला आणि आपणही तसेच गेलो तर? इथल्या इथं, या पिवळ्या दारात? गोडमाई तिच्या तोंडाकडे बघत होती. आतली माणसं हसतच होती.

मग तिला आईचं ते "बसा हं" आठवलं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "जाते."

धाडकन दार उघडलं. आत संध्याकाळ शिरली, थंडगार, गाईंच्या घंटांची. गोडमाई किंचाळली. मागून कुणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, "जाते." ती पांढऱ्या केसांची बाई होती. तिच्या चपलांची कधीच माती झाली होती, अनवाणीच पळाली. उंच माणूसही सुटला. सगळे नाही सुटले हं. खोटं कशाला सांगू? काहीजण शब्द ओठांपर्यंत आणून परत बसले.

मंजुळा धावत होती, पण मनात भीती मावत नव्हती. जाते म्हणालो आपण. मग आपण आहोत का गेलो? पावलांचा आवाज होईना, कारण वाट चिखलाची होती. सावली दिसेना, कारण ऊन उतरलं होतं. वाटेवरचा गुराखी तिच्याकडे बघेना, कारण तो गाई मोजत होता. पण हे तिला कोण सांगणार? तिची खात्रीच पटली. म्हणाली, गेलोच आपण. आता फक्त आईला एकदा लांबून बघावं.

दारापाशी आली. आत दिवा लागला होता. आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कडाडली, "मंजे! मेले! होतीस कुठं इतका वेळ?"

मंजुळा मटकन खाली बसली. "मेले ना गं आई? खरंच मेले ना मी?"

"मेलीस तर हे चिखलाचे पाय कुणाचे? आत्ता सारवलंय मी अंगण! ऊठ, धू आधी ते. भात गार झाला, मेली विचारते मेले का!"

आणि मंजुळा त्या चिखलात बसून रडायला लागली, हसायला लागली, आणि म्हणाली, "आई, अजून ओरड ना. अजून ओरड."

मग आईनं तिला आत घेतलं. कढत पाण्यानं पाय धुतले. भातावर तूप वाढलं. आणि म्हणाली, "पोरी, उद्या अवस. काम कुठलं धरणार? का त्या पारावर बसून पूड झटकणार?"

"ठरलं," मंजुळा म्हणाली. "धोंडोबाचं."

"अगं, तो खेकसतो म्हणालीस!"

"खेकसतो. पण दिवेलागण झाली की जा म्हणतो."

आईनं तिच्या पानात अजून एक चमचा तूप घातलं.

मग मंजुळेनं बंधाऱ्याचे दरवाजे बोलते केले. धोंडोबा ओरडायचा, तीही उलट ओरडायची, आणि गावाला पूर कधी झोपेत गाठू शकला नाही. ते सगळे आपापल्या घरी सुखात जेवले आणि आपापल्या अंथरुणात सुखात निजले. तुम्हीही निजा. मृण्मयी, तूही मिट डोळे. नोकरीचं उत्तर सकाळी कळवता येतं. मी दिवा घालवते.