हन्ना नावाडीण आणि सुटलेला दोर

पूल तर सोडाच, पुलाची गोष्टही कोणी काढली नव्हती, तेव्हाचं हे. गोदावरीच्या अलीकडे बाभूळठाण, पलीकडे केदारपिंप्री, आणि मध्ये हन्नाची नाव. हन्ना ही बाभूळठाणच्या ख्रिस्ती आळीतली. नवरा तरणाताठा गेला, तसं तिनं पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं. बाई नाव हाकते म्हणून आधी लोक हसले. मग तिच्या नावेतून लग्नाची वऱ्हाडं गेली, बाळंतिणी गेल्या, शेळ्या गेल्या, आणि हसायचं राहून गेलं. तिनं पाण्यात नुसता हात घातला तरी वर कुठे पाऊस पडला ते तिला कळायचं, असं म्हणतात.

पण नाव एकटीची नव्हती. तिची मैत्रीण रिबेका काठावर असायची. नाव काठाच्या उताराला आली की हन्ना दोर फेकायची आणि रिबेका तो वरच्यावर झेलून दगडी खुंट्याला वेढा द्यायची. रिबेकाचा तळवा लहान, दोर निसटायचा. म्हणून हन्नानं दोराच्या टोकाला एक गाठ वळून दिली होती, बरोबर रिबेकाच्या मुठीच्या मापाची.

"मी मेल्यावर माझ्या हातात हीच गाठ द्या, म्हंजे वरती गेल्यावर हन्ना मला वळखंल," रिबेका म्हणायची.

"वर नदी न्हाई, बाई. वर गेल्यावर तुला काम काय?"

"मग तू तरी काय करशील तिथं? पाळकबाबासंगं गाणी म्हणशील? तुझा आवाज ऐकून देवदूत पळतील."

हन्नाचा आवाज खरंच तसा होता. ख्रिस्ती देवळात ती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली की बाहेर बांधलेले बैल कान टवकारायचे. दोघींनी एका भांड्यात कालवण केलं, एका दिवशी बाप्तिस्मा घेतला. हन्नाचा एकुलता एक नथानिएल, सगळे त्याला नथू म्हणत, तो तर अर्धा रिबेकाच्याच ओट्यावर वाढला.

एका श्रावणात हन्ना तापानं फणफणली. नदी चढत होती. पलीकडे अडकलेल्या बाजारकरूंना पोचवायला नथू नाव घेऊन गेला. त्यांना उतरवून तो एकटा परत निघाला, तेव्हा पाणी गढूळ होऊन बाभळींच्या बुंध्यांना लागलं होतं. काठाजवळ येऊन त्यानं दोर फेकला. काठावर रिबेका एकटीच होती.

थोड्या वेळानं ती केस सुटलेली, चिखलानं भरलेली, हन्नाच्या दारात येऊन पडली. म्हणाली, "दोर तुटला गं, हन्ना. दोर तुटला."

नथूला नदीनं परत दिलं नाही. दोघी एका गोधडीत बसून रडल्या. हन्नाला घास रिबेका भरवायची, केस रिबेका विंचरायची. तुटला दोर, त्याला कोण काय करणार, असं गाव म्हणालं, हन्नाही म्हणाली.

पाणी ओसरलं, तशी हन्ना नाव शोधत काठाकाठानं खाली गेली. नाव बाभळीच्या बनात पालथी अडकली होती. तिनं नावेच्या कडीला हात घातला. दोर कडीला होता. ती तो ओढत गेली, चिखलातून ओढत गेली, आणि दोर येतच राहिला, आख्खा. शेवटी टोक हातात आलं. टोकाला गाठ होती. रिबेकाच्या मुठीच्या मापाची.

तुटलेल्या दोराला गाठीचं टोक कुठून राहील?

तिनं दोर खांद्यावर टाकला, चालत गावात आली आणि रिबेकाच्या उंबऱ्यावर ठेवला. रिबेकानं गाठ पाहिली.

"वेढा द्यायला घावलं न्हाई गं. दोर मला पाण्यात ओढाया लागला. भ्याले. सोडला."

"सोडला ते सोडलास," हन्ना म्हणाली. "माणूस भितं. पर तुटला म्हणून माझ्या गोधडीत येऊन बसलीस. मला घास भरवलेस. ते गं कसं केलंस?"



आता बाभूळठाणची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. क्षमा हा शब्द तिथं पाळकबाबाच्या, म्हणजे देवळातल्या धर्मगुरूंच्या, तोंडी असायचा. बाकीच्यांचा शब्द साधा. प्रभूच्या प्रार्थनेतला तोच. चुकलेल्यानं म्हणायचं, "सोड." दुसऱ्यानं म्हणायचं, "सोडलं." एवढं झालं की दोघांनी देवळात प्रभूभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात ती, भाकर घ्यायची. न झालं तर भाकर न घेता ताट पुढं द्यायचं.

रिबेका देवळाच्या पायरीवर हन्नाला म्हणाली, "सोड." हन्ना बाजूनं निघून गेली. त्या दिवशी ताट दोघींच्याही पुढून तसंच गेलं. आणि प्रार्थना चालू असताना, आमची पापं सोड, जशी आम्ही दुसऱ्यांची सोडतो, ही ओळ आली, तेव्हा तो बैलांना ऐकू जाणारा आवाज थांबला. सगळं देऊळ अडखळलं. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्याही. पाळकबाबा तिच्या घरी आले, माठातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "हन्नाबाई, मी घाई करत नाही. पण तो शब्द तुमच्या घशात अडकलाय, आणि श्वास तुमचाच कोंडतोय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "म्हणायला जाते, आन् पाण्याबाहेर आलेली नथूची मूठ दिसते."

असे उन्हाळे-पावसाळे गेले. रिबेकाचा नवरा वारला. ती पलीकडे केदारपिंप्रीला लेकीकडे कायमची राहायला निघाली. जायचं कशानं? नाव एकच. गाठोडं, एक कोंबडी आणि खाली घातलेली मान, अशी ती नावेत येऊन बसली. हन्ना वल्हवत राहिली. नदीच्या मध्यावर पाणी आरशासारखं निवांत होतं. हन्नानं रिबेकाचे पांढरे झालेले केस पाहिले. ते कोणी विंचरत नसावं.

"रिबेके," ती म्हणाली, "सोडलं तुला."

रिबेकानं पदर तोंडावर घेतला. "बरं केलंस," एवढंच म्हणाली. पलीकडे उतरली आणि मागं न बघता गेली.

त्या रविवारी हन्नानं प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. बाहेर बैलांनी माना वर केल्या. तिनं भाकर घेतली. पण संध्याकाळी रिकाम्या खुंट्याकडं बघून ती रडली. कारण तिला कळलं होतं की पाप सुटलं, तरी ती जुनी रिबेका काही परत यायची नाही. तिच्या हातात दोर आला की नथूची मूठ आठवणार. शेजारी बसली की मनातल्या मनात रोज तिच्या हातून तोच दोर सुटणार. त्यापेक्षा अलीकडून तिचं बरं चिंतावं. रोज सकाळी ती पलीकडच्या लेकीच्या घरातून धूर निघतो का पाहायची. निघाला की वल्हं उचलायची. रिबेका मात्र नाव लागली की दार लोटून घ्यायची.

मग एका पावसाळ्यात पुराच्या आधीच्या शेवटच्या खेपेला मैनाबी कासारीण नावेत बसली. बांगड्या विकणारी, गावोगावच्या बातम्या हिच्या टोपलीत.

"तुझी ती रिबेका अंथरुणाला खिळली गं," ती म्हणाली. "आन् तिकडच्या देवळातली भाकर काय घेत न्हाई. तिथले पाळक घरी घेऊन आले, तर तोंड फिरवलं. आल्यापासून एकदाबी घेतली न्हाई म्हणं."

"का?"

"मला इचारतीस? ती म्हणती, हन्नानं नदीच्या मधोमध मला सांगितलं, सोडलं तुला. हन्नानं मला सोडलं, मग देव तरी मला कशाला धरून ठेवंल?"

हन्नाच्या हातातलं वल्हं थांबलं. नाव प्रवाहात आडवी झाली आणि मैनाबी टोपली कवटाळून ओरडली, "अगं, मला बुडवतीस का काय!" तेव्हा कुठे हन्ना भानावर आली. एकच शब्द. तिनं पाप सोडलं म्हणून टाकला, आणि रिबेकानं आपल्यालाच टाकलं म्हणून झेलला. आणि खोटं कसं म्हणावं? शब्दात दोन्ही होतं. फक्त अर्धं पोचलं होतं.

मैनाबीला अलीकडे उतरवेपर्यंत पूर आला. हन्ना परत नाव लोटायला लागली, तसं माणसांनी तिला धरलं. "आई, नदीनं एक घेतला, पुरे," म्हणाले. नाव ओढून वर घेतली. पलीकडून बातमी यायला वाट नव्हती, फक्त लेकीच्या घरातला धूर तेवढा पावसात दिसत होता.

तेव्हा हन्ना खुंट्यावर चढून उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"रिबेके!"

पूर एवढा गर्जत होता की शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नव्हता. तिनं पुन्हा हाक मारली. घसा फाटला. तिसऱ्या हाकेला गोदावरी गप्प झाली. पाणी धावत होतं, झाडं वाहून येत होती, पण आवाज नाही. पाऊस पडत होता, त्याचाही नाही. देवानं नदीच्या तोंडावर हात ठेवला, असं म्हणतात.

पलीकडच्या घराचं दार उघडलं. लेकीच्या खांद्याला धरून एक वाकलेली बाई बाहेर आली.

"रिबेके, पाप सोडलं! त्या दिवशीच सोडलं! दोराचं सोडलं, खोट्याचंबी सोडलं! भाकर घे गं!"

पलीकडून बारीक आवाज आला, पण कानाशी बोलल्यासारखा.

"आन् मला?"

हन्नाला गोड बोलता आलं असतं. नदी थांबली होती, गाव ऐकत होतं. पण खोट्यानंच तर सगळं नासलं होतं.

"तुलाबी सोडलं, माझ्या बाई," ती म्हणाली. "टाकलं न्हाई. सोडलं. आता मनात तुला खुंट्याला बांधून ठेवणार न्हाई. सुखानं जा."

पलीकडची बाई हलली नाही. मग तिनं हात वर केला, दोर झेलायला करायची तसा, आणि मूठ मिटली.

"घावलं गं!" ती म्हणाली.

आणि नदी पुन्हा गर्जायला लागली.

त्या दिवशी रिबेकानं भाकर घेतली. पूर उतरायच्या आत ती गेली. कबरस्तान अलीकडे, म्हणून पाणी ओसरताच हन्नानंच तिला नावेतून आणलं. उताराला आल्यावर सवयीनं तिनं दोर फेकला. काठावर झेलायला कोणी पुढं नव्हतं, सगळे माना खाली घालून उभे. तरी दोर खाली पडला नाही. तो हवेत ताणला गेला, खुंट्याला त्याचा वेढा बसला, आणि नाव अलगद काठाला लागली, असं म्हणतात. हन्नानं टोकाची गाठ कापून घेतली आणि शवपेटीत रिबेकाच्या मुठीत दिली.

पुढं हन्नाही म्हातारी होऊन गेली. आता तिथं पूल आहे. खुंटा आहे, आणि बिनगाठीचा दोर देवळात खिडकीजवळ टांगलेला आहे. प्रभूभोजनाच्या आधी ज्यांचं बिनसलेलं असतं ते दोघं त्याची दोन टोकं धरतात. एक म्हणतो, "सोड." दुसरा नुसतं सोडलं म्हणत नाही, तसं म्हणायची बाभूळठाणात बंदीच आहे. "पाप सोडलं," असं पुरतं म्हणायचं, मग दोर सोडायचा. काहीजण नंतर एका दारातून घरी जातात. काहीजण दोन दारांनी जातात. दोन दारांनी गेलेल्यांना कोणी काही विचारत नाही, आणि भाकर दोघांनाही मिळते.

आणि प्रार्थनेत ती ओळ आली की सगळं देऊळ क्षणभर थांबतं. नव्या माणसाला वाटतं, हे विसरले. विसरत नाहीत. एका बाईला तो शब्द म्हणायला जेवढा वेळ लागला, त्यातला थोडा ते तिच्यासाठी राखून ठेवतात. तेवढ्यात खिडकीतून नदी ऐकू येते. पुराच्या दिवसांत मात्र त्या क्षणी काहीच ऐकू येत नाही, असं म्हणतात.