माळावरची झाडं

फार मागच्या काळची गोष्ट आहे बाळांनो, आणि थोरांनीही ऐकायला हरकत नाही.

एका राज्यात ठकूबाई धनगरीण बाजारात लोकर विकायला बसली होती. मागे दोघी बायका बोलत होत्या, "माळढोक संपत आले म्हणे. आणि संपवले कुणी, तर त्या..." तेवढ्यात त्यांची नजर ठकूबाईवर पडली आणि दोघी घाईघाईनं वांग्यांचा भाव विचारू लागल्या.

राहिलेलं वाक्य ठकूबाईला चार दिवसांनी दवंडीत ऐकू आलं. धनगरांच्या मेंढ्या माळढोकाची अंडी तुडवतात, म्हणून आजपासून त्यांना माळ बंद.

माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेला लागेल एवढा पक्षी. तो झाडावर बसत नाही. उघड्या माळावर चालतो, भुईवरच अंडं घालतो, तेही वर्षाला बहुधा एकच. त्याला मारू नये असा राजाचा कायदा होता आणि तो चांगलाच होता. पण पुढचं काम प्रधानाकडे गेलं. प्रधानाला मोकळा माळ म्हणजे पडीक जमीन. त्यानं दवंडीच्या आधीच पक्ष्यांसाठी म्हणून माळभर खड्डे खणले, ओळीनं झाडं लावली आणि दरबारात शाबासकी मिळवली. आता सांगा, माशाला कुणी पलंग करून देतं का?

ठकूबाईच्या मेंढ्या चाऱ्यावाचून वाळल्या. पाणवठ्यावर लोक तिला टाळू लागले. ती तीनदा प्रधानाच्या दारी गेली आणि तिन्ही वेळा तिला पायरीवरूनच परतवलं.

तीन वर्षांनी राजा पक्षी बघायला आला. झाडं डोक्याएवढी झाली होती, गवत छातीएवढं, आणि माळढोक एकही नव्हता. ठकूबाई वाट अडवून उभी राहिली.

प्रधान हसला. "मेंढरं राखणारी आता राज्य राखायला शिकवणार वाटतं."

"राज्य तुम्ही राखा, मी माळाचं सांगते," ती म्हणाली. "महाराज, त्या झाडांवर बघा कोण बसलंय. कावळे. पूर्वी त्यांना इथं बसायला फांदी नव्हती, आता तिथून अंडं हेरतात. गवत चरलं नाही तर त्या पक्ष्यानं चालायचं कुठून? ज्याच्यासाठी एवढं केलंत, त्याला काय लागतं हे एका तरी माणसानं आम्हाला विचारलं का?"

राजानं विचारलं, मेंढ्यांनी अंडी तुडवली हे खोटं का?

ठकूबाईनं मान खाली घातली. "एक तुडवलं. माझ्याच मेंढीनं. ते मी नाकारणार नाही."

त्या खरेपणावर राजानं विश्वास टाकला. झाडं उपटून ओढ्याकाठी नेली, खड्डे बुजवले. कायदा तसाच राहिला. धनगरांनी माळावर मेंढ्या चारायच्या, अंडं दिसलं की शंभर पावलं सोडून कळप वळवायचा आणि पहारेकऱ्यांना कळवायचं, असं ठरलं. प्रधानाला एक पावसाळाभर घोंगडी पांघरून कळपामागं चालायला लावलं. पुढच्या वेळी हुकूम काढण्याआधी त्याला माळ तरी ओळखता यावा.

चौथ्या वर्षी कुठूनशी परतलेली एक मादी पिल्लाला घेऊन आखूड गवतातून चालत गेली.

बाजारातल्या त्या दोघी आता म्हणतात, आम्ही काय खोटं बोललो होतो? एका अंड्यापुरतं खरंच बोलल्या होत्या. बाकीचा सगळा माळ प्रधानानं संपवला होता, आणि त्याचं नाव कुणी कुजबुजलंसुद्धा नव्हतं.

बोध एवढाच: ज्याला जपायचं त्याचं घर आधी ओळखा, आणि ते घर ओळखणाऱ्याला बाहेर घालवू नका.