माकडाची मूठ आणि खेकड्याची नांगी

“निकाल लागेपर्यंत खाडीतून एकही होडी बाहेर पडणार नाही!”

माडबंदरच्या राजे गुणवंतरावांनी असं फर्मान काढून आज चौथा दिवस होता. खाडीच्या तोंडाला साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाची किल्ली राजेसाहेबांच्या मुठीत! जेवतानासुद्धा ते डाव्या हाताने ती घट्ट धरून बसायचे.

आणि निकाल कशाचा? तर राजेसाहेबांचं माकड शहाणं, की राणीसाहेबांचा खेकडा!

माकड वीतभर, परदेशी गलबतावरून आलेलं. नाव गुलछबू. ते राजेसाहेबांच्या पगडीत झोपायचं. खेकडा नांगोजी राणी हेमावतींच्या माहेरच्या समुद्रातला. त्याचा मुक्काम चांदीच्या घंगाळात, खाऱ्या पाण्यात. माकड म्हणावं तर राणीसाहेब रुसणार, खेकडा म्हणावं तर राजेसाहेब खवळणार. दरबारच्या पंडितांची तर चार दिवस एकदमच दाढ दुखत होती.

शेवटी मानकी कोळीण उठली. तिचा नवरा रिकाम्या होडीत बसून स्वतःच्याच जाळ्याची भोकं मोजत होता. घरात चूल थंड. तिला ते बघवेना.

“निकाल मी देते, महाराज,” ती दरबारात म्हणाली. “या दरबारात धरलेलं जो आधी सोडेल, तो शहाणा. कबूल?”

“कबूल!” राजे म्हणाले.

“कबूल!” राणी म्हणाल्या.

मानकीने घरून आणलेला चिंचोळ्या गळ्याचा लोटा पुढे ठेवला. आत मूठभर फुटाणे. गुलछबूने हात घातला, मूठ भरली आणि हात अडकला! मूठ सोडावी तर फुटाणे जातात. तो नुसता किंचाळू लागला.

मग तिने सुतळीला बांगड्याचं मुंडकं बांधून घंगाळात सोडलं. नांगोजीने ते पकडलं. तिने सुतळी वर ओढली, तर हाही मुंडक्याला लोंबकळत वर!

“ही सुतळी धरा, प्रधानजी. हलू नका हं, दुसरी नांगी मोकळी आहे त्याची.”

प्रधानजी श्वास रोखून उभे राहिले. दुपार झाली. मुदपाकखान्यातून दोनदा निरोप आला, पुरणपोळ्या गार झाल्या. उठतंय कोण!

“सोड रे, गुलछबू!”

“सोड, नांगोजी! माहेरची लाज राख!”

मानकी खुदकन हसली.

“हसतेस काय?” राजे गरजले.

“महाराज, शर्यतीत तिघं आहेत की!”

“तिघं? तिसरा कोण?”

“गुलछबूच्या मुठीत फुटाणे, नांगोजीच्या नांगीत मुंडकं. आणि आपल्या मुठीत?”

राजांनी डाव्या मुठीकडे पाहिलं. तेवढ्यात नांगोजीची नांगी किंचित उघडली.

“अगंबाई!” राणीसाहेब टाळी वाजवत ओरडल्या. “माझा खेकडा तुमच्यापेक्षा शहाणा ठरतोय!”

राजे ताडकन उठले आणि त्यांनी किल्ली थेट मानकीच्या पदरात फेकली. त्याच क्षणी नांगोजी डुबुक्कन घंगाळात पडला.

“पहिला मी!” राजे ओरडले.

“दुसरा नांगोजी!” राणी ओरडल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि राजे असे हसले की पगडी घरंगळत प्रधानजींच्या पायाशी गेली.

“माग, मानकी! काय हवं?”

“नवऱ्याच्या होडीला नवं शीड द्या, महाराज. आणि माझा लोटा.”

राजांनी लोट्याकडे पाहिलं. गुलछबू अजून मूठ आवळून किंचाळतच होता.

“शीड आजच घेऊन जा,” डोळे पुसत राजे म्हणाले, “आणि तुझ्या लोट्याच्या बदल्यात माझा हा चांदीचा लोटाही. तुझा काही आज सुटत नाही!”