सटवाईचे डोळे डबीत का असतात

हिवरसांगीच्या सटवाईला डोळे नाहीत. बाळाचं जावळ काढायला लांबून लेकुरवाळ्या येतात आणि पहिल्यांदा बघतात तेव्हा दचकतात. नाक आहे, तोंड आहे, आणि डोळ्यांच्या जागी शेंदरात दोन खळगे. मीही लग्न होऊन आले तेव्हा दचकले होते. चांदीचे डोळे आहेत, पण ते गुरवाच्या घरी डबीत असतात. का, ते माझ्या सासूबाई सांगतात तसं लिहिते. यात गावाला भूषण काही नाही. पण जावळाला येणाऱ्या प्रत्येकीला हे सांगायचंच, अशी इथली रीत आहे.

फार मागं, एका दुष्काळाच्या साली, गावाबाहेर माळावर फासेपारध्यांची पालं होती, असं सांगतात. तितर-लाव्हे धरून त्यांचं पोट चाले. ओढा आटलेला, म्हणून पाणी गावच्या विहिरीचं, तेही गावानं वरून ओतलं तर. त्यांच्यात गुंजी नावाची बाळंतीण होती. पाचवीच्या दिवशी ती लेकीला पदराखाली घेऊन देवळाशी आली. आत जायची सोय नव्हतीच. बाहेर लिंबाखाली उभी राहून तिनं अंगारा मागितला, लेकीच्या कपाळाला लावला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी बघतात तर देवीचे डोळे नाहीत.

"काल पारधीण येऊन गेली की! मग शोधताय काय?" कुणीतरी म्हणालं, आणि साऱ्या गावाला ते पटलं म्हणे. गुरवाशिवाय देवीला कुणी हात लावत नाही, गुंजी तर उंबऱ्याच्या आतही आली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पटलं.

पाटलानं विहिरीवर काठीवाले बसवले. पालांची झडती घेतली, चुली उकरल्या, बाळाची गोधडीसुद्धा उसवली. काही निघालं नाही. "पुरलं असंल कुठंतरी," म्हणाले. डोळे आणा, मग पाणी.

गुंजी विहिरीपाशी येऊन बसली. "पाटील, मला बांधून ठेवा हवं तर. पण घोटभर पाणी द्या. दूध आटलंय माझं."

विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. त्यांच्यात लेकुरवाळ्याही होत्या. एकीनंही कळशी वाकडी केली नाही. सांगताना सासूबाई इथं थांबतात. त्यातली एक आपल्याच घरातली होती, म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पालं उठली. नदीपर्यंत पोचायच्या आधीच बाळ गेलं.

पुढं आषाढात देवीनं खोळ सोडली. वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर आपोआप सुटून खाली पडला, फुटला, आणि त्यात दोन्ही डोळे. डोळे चिकटवलेलं मेण उन्हानं पातळ होऊन ते घसरले होते, आणि गुरवानं न बघताच रोजच्यासारखा वरून शेंदराचा हात फिरवला होता. त्या दिवशी गावात कुणाला कुणाकडं बघवेना, असं सांगतात.

पाटील आणि गुरव डोळे घेऊन पारध्यांना शोधत निघाले. चार गावांपलीकडं गुंजी भेटली. पाटलानं पागोटं तिच्यापुढं ठेवलं. "बाई, तुझ्या हातानं लाव देवीला डोळे."

"देवीचे हरवले होते, पाटील," गुंजी म्हणाली. "तुमचे तर जाग्यावर होते ना?" आणि पाठ फिरवून फाशाची दोरी वळत बसली.

तेव्हा गावानं शपथ घेतली. पारध्यांची लेकुरवाळी राजीखुशीनं लावील तेव्हाच सटवाईला डोळे लागतील. आणि पाण्यावर कुणाला मागं सारायचं नाही.

आजही दर चैत्रात गावातल्या पाच बाया डबी घेऊन पारध्यांच्या वस्तीवर जातात. तिथल्या बाया बसायला टाकतात, चहा करतात, आणि नको म्हणतात. यंदा मीही गेले होते, लेक काखेला घेऊन. तिथं रेशमा म्हणून एक तरणी पोर होती, तिचंही बाळ मांडीवर. तिनं डबी उघडली, डोळे तळहातावर घेतले. आम्हाला वाटलं, आता येते ही.

मग तिनं विचारलं, "मागच्या महिन्यात टँकर आला, तेव्हा आमचे हंडे मागं कुणी सारले, ताई?"

ते हंडे सारले तेव्हा माझा हंडा पुढं गेला होता. मी काही बोलले नव्हते.

तिनं डोळे परत डबीत ठेवले, झाकण नीट बसवलं आणि डबी माझ्या हातात दिली.