सोनवळच्या राजेसाहेबांचा हलणारा फोटो

"हलला! पुन्हा हलला!" सोनवळचे राजे गजाबासाहेब फोटोची ओली काच नाचवत अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले. "सुभाना, अरे काय केलंस हे? तुला तीन मिशा आल्यात!"

सुभाना चोपदार खुर्चीतून उठला आणि हात जोडून उभा राहिला. बिचारा मानेमागे लोखंडी टेकण लावून, श्वास रोखून बसला होता. पापणीसुद्धा लवली नव्हती. पण राजेसाहेबांना कोण सांगणार?

राजेसाहेबांनी विलायतेहून कॅमेरा मागवला होता आणि पागेच्या वरच्या माळ्यावर, फळ्यांच्या जमिनीवर, झोकात स्टुडिओ थाटला होता. छपराला उजेडासाठी काचा, मध्ये तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा, समोर खुर्ची. एकदा भिंगावरचं झाकण काढलं की आठ आकडे मोजेपर्यंत समोरच्याने दगडासारखं बसायचं. सहा महिन्यांत एकही फोटो धड आला नव्हता. दिवाणजींना चार डोळे आले, राणीसाहेबांची नथ कानापर्यंत पोचली, आणि पुरोहितबुवांचं तर नुसतं धुकं झालं!

"बस्स! हा सगळा तुमचा चंचलपणा!" राजेसाहेब गरजले. "दिवाणजी, हुकूम लिहा. ज्याच्यामुळे फोटो हलेल, त्याने वर्षभर घाटमाथ्याच्या चौकीवर पहारा करायचा! सुरुवात सुभानापासून. उद्याच निघायचं!"

सुभानाचा चेहरा उतरला. घाटमाथ्यावर बारा महिने धुकं आणि गारठा, आणि त्याला दम्याचा विकार. तिथून तो परत येईल याची खात्री नव्हती.

काचा धुवायला पाणी भरणारी त्याची लेक गोजरा जिन्याजवळच उभी होती. बापाचं खोकणं रात्र रात्र ऐकणारी ती पोर. ती गेले दोन महिने तिथे पाणी आणत होती आणि तिचं लक्ष घागरीवर असायचं. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी दरबारात कुणाला ठाऊक नव्हती. ती पुढे झाली.

"सरकार, बाबांना एक दिवस थांबू द्या. उद्या मी असं माणूस आणते, जे केसभरही हलायचं नाही."

"असं माणूस माझ्या राज्यात नाही!"

"माझी मावशी आहे की!"

राजेसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "आण! पण तीही हलली, तर बापाबरोबर तूही चौकीवर!"

"कबूल, सरकार. पण नियम सगळ्यांना एकच ना? ज्याच्यामुळे फोटो हलला, तो चौकीवर?"

"सगळ्यांना एकच! शब्द दिला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेतले चार मोतद्दार घामाघूम होत मावशीला खुर्चीसकट माळ्यावर घेऊन आले. हिरवं लुगडं, वरून शाल, आणि पदर पार हनुवटीखाली ओढलेला.

"मावशी बरीच भारी दिसते," दिवाणजी म्हणाले.

"खात्यापित्या घरची आहे," गोजरा म्हणाली. "पण परक्यांसमोर पदर काढत नाही, सरकार. बोलतही नाही."

"मला तिच्या तोंडाशी काय करायचंय? न हलण्याशी मतलब!" राजेसाहेब काळ्या फडक्यात शिरले, बाहेर आले, झाकण काढलं आणि मोजायला लागले. "एक! दोन! तीन!"

राजेसाहेब पखवाजाचे मोठे शौकीन. प्रत्येक आकड्यावर त्यांच्या शिकारी बुटाचा ठेका फळीवर पडे. धप्! धप्! धप्! आठव्या आकड्याला तर समेवर आल्यासारखा जोरात!

मग ते अंधाऱ्या खोलीत गेले. सुभाना देवाचं नाव घेत भिंतीला टेकून राहिला. गोजरा मात्र मावशीजवळ शांत उभी होती.

दार धाडकन उघडलं. "हलली! लुगड्याला चार काठ आलेत! गोजरा, तुझी मावशीही हलली! बांधा बोचकी!"

"सरकार, आधी तिलाच विचारा ना," गोजरा म्हणाली आणि तिने शाल, पदर, लुगडं सगळं एका झटक्यात ओढलं.

खाली दगडी उखळ! उखळावर जात्याचे दोन दगड, आणि त्यांवर डोक्याच्या जागी रिकामी घागर!

राजेसाहेबांनी उखळाला हात लावून पाहिला. एकदा हातातल्या काचेकडे पाहिलं, एकदा उखळाकडे.

"दगड हलला?" ते पुटपुटले. "मग... मग हललं कोण?"

गोजराने घागर उतरवून, पाण्याने काठोकाठ भरून कॅमेऱ्याच्या पायाशी ठेवली. "या पाण्याकडे बघून पुन्हा आठ मोजा, सरकार."

"एक!" धप्! घागरीतलं पाणी थरथरलं. "दोन!" धप्! पाणी काठावरून सांडलं. "ती..."

राजेसाहेबांचा पाय हवेतच राहिला. दिवाणजींनी उपरण्यात तोंड लपवलं.

"आता नियमाप्रमाणे चौकीवर कोण जाणार ते आपणच ठरवा, सरकार," गोजरा अदबीने म्हणाली. "मावशीला धाडायचं म्हटलं तर ती जागची हलायची नाही!"

त्यावर राजेसाहेब असे हसले, असे हसले, की खालच्या पागेतले घोडे खिंकाळले! हसता हसता ते खाली फळ्यांवरच बसले आणि त्यांनी दोन्ही बूट ओढून काढले.

"दिवाणजी, हुकूम लिहा! गुन्हेगार सापडले. हे दोघं वर्षभर घाटमाथ्यावर पहारा करतील! सुभाना राहील इथेच, आणि गोजरा, आजपासून आकडे तू मोजायचे. मी अनवाणी!"

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं. मग मावशीला बाजूला करवून सुभानाला पुन्हा खुर्चीत बसवलं. गोजराने हळू आवाजात आठ मोजले. त्या दिवशी सोनवळ संस्थानातला पहिला स्वच्छ फोटो निघाला: सुभाना चोपदार, मिशा मोजून दोन.