कोठारातले बूट

“...पण महाराज, बूट दिले होते ना आपण? मग दोष मठाकडं कसा येतो?”

विश्वंभरनं पुन्हा तेच विचारलं. केवळगीर महाराज पारावर बसून नदीकडं बघत होते.

मठात येण्याआधी विश्वंभर वकील होता. कामगार न्यायालयात कारखानदारांच्या बाजूनं उभा राहायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. त्या जिंकण्याचाच वीट आला, म्हणून सगळं सोडून पूर्णेकाठी आलो, असं तो सांगे. वकिली सुटली. जिंकायची खोड मात्र अंगात राहिली. आता मठाचा सगळा कारभार त्याच्याच हाती होता.

मठात रोजचं अन्नदान. मुदपाकखान्यात नागोराव आचारी, पगारावर ठेवलेला. तिथल्या चुली जमिनीत खणलेल्या. भरलेली डेग उचलायची तर दोघांनी कडीत बांबू घालायचा, कंबरेत पार वाकायचं आणि तसंच ओल्या फरशीवरून पंगतीपर्यंत जायचं. संध्याकाळी नागोरावला भिंतीला हात लावल्याशिवाय ताठ होता येत नसे.

पावसाळा सरता सरता उकळत्या आमटीची डेग नेताना त्याचा पाय घसरला. सगळी आमटी दोन्ही पायांवर आली.

जीव वाचला. पण डाव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटली, घोटा वळेना. हा माणूस आता चुलीपुढं उभा राहायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

उद्या कामगार खात्याचे साहेब चौकशीला येणार होते. काय जबाब द्यायचा, ते विश्वंभरनं मनात जुळवून ठेवलं होतं. महाराजांचा होकार तेवढा हवा होता.

“कायदा काय म्हणतो?” महाराजांनी शेवटी विचारलं.

विश्वंभर सरसावून बसला. त्यानं नीट उलगडून सांगितलं. कामावर ठेवणाऱ्यानं जागा निर्धोक ठेवायची. ओझं उचलताना माणसाची कंबर मोडणार नाही, हे बघायचं. अंगाला जपणारी साधनं द्यायची, ती वापरायला शिकवायची. काम करणाऱ्यानंही ती वापरायची, स्वतःला आणि शेजारच्याला सांभाळायचं. आणि दिलेलं साधन त्यानं मुद्दाम बाजूला ठेवलं, तर भरपाईवरचा त्याचा हक्क डळमळतो.

शेवटचं वाक्य त्यानं जरा सावकाश म्हटलं.

“नागोरावनं बाजूला ठेवले?”

“कोठारात पडलेत, महाराज. कोरे. त्याच्या पायात मी कधी बघितले नाहीत.”

महाराज उठले. काठी घेतली, खडावा पायात सरकवल्या.

“चल, मुदपाकखान्यात जाऊ.”

दुपारची पंगत उठली होती. दाराशी पोचताच विश्वंभरनं चपला काढल्या, भिंतीच्या कडेला नीट लावल्या आणि उंबऱ्याला हात लावून आत पाऊल टाकलं. मागून खडावांचा आवाज येईना, तसा तो वळला.

महाराज बाहेरच उभे होते. त्याच्या चपलांकडं बघत.

“का काढल्यास?”

“म्हणजे... अन्नपूर्णेचं ठिकाण, महाराज. इथं पायात घालून कुणी...”



...

मग महाराज खडावांसकट आत आले. लाकूड फरशीवर वाजू लागलं, तशी भांडी घासणाऱ्या बायांनी माना वर केल्या. ओल्या जागी त्यांची खडाव सरकली, तोल गेला. विश्वंभरनं धावत जाऊन दंड धरला. त्याच्या स्वतःच्या तळव्यांना फरशीवरचं तेलकट पाणी लागलं. इतकी वर्षं तो या दारातून रोज डोकावत होता. इतक्या आत आज पहिल्यांदाच आला होता.

चुलीपाशी नागोरावची बायको, पदमीन, वाकून राख ओढत होती. नवऱ्याच्या जागी तिला घ्यावं, ही सूचना विश्वंभरचीच. मठानं केवढी माणुसकी दाखवली, असं लोक म्हणाले होते.

तीही अनवाणीच होती.

महाराज शेजारच्या कोठारात गेले आणि बूट घेऊन आले. धुळीनं भरलेले. उपरण्यानं त्यांनी ते पुसले आणि चुलीच्या कडेला, पदमीनच्या पायांपाशी खाली बसले.

“घाल, बाई.”

पदमीन भिंतीला जाऊन टेकली.

“नगं, महाराज.”

“मी सांगतोय.”

“त्यायनी येक दिस घातले व्हते,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “समदे बोलले, आईच्या दारात जोडे म्हनून. मंग काढून ठिवले. पर आईनं त्या येका दिसाचं वसूल केलंच.”



त्या दिवशी विश्वंभर दारातच उभा होता. कुणा भाविकानं नाराजीनं त्या बुटांकडं बोट दाखवलं, तेव्हा त्यानंच नागोरावकडं बघून हात हलवला होता. माशी वारावी तेवढाच. नागोरावनं लगेच खाली वाकून बूट ओढून काढले होते. तोंडानं आपण काहीच बोललो नाही, म्हणून ती आज्ञा होती हे विश्वंभरच्या मनात कधी आलंच नव्हतं. आणि बूट पायात कधी बघितले नाहीत, हे पारावर बसून त्यानं किती सहज सांगितलं होतं.

“घाल,” महाराज पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज हळू होता.

“मला लेकरं हायेत, महाराज.” पदमीननं हात जोडले. “पाया पडते तुमच्या. नगं.”

महाराज बूट तिथंच ठेवून, काठीचा आधार घेत उठले आणि बाहेर आले.

विश्वंभर मागोमाग आला. चपला घालायचं भान त्याला राहिलं नाही. आवारात येईपर्यंत त्याला धीर झाला नाही. मग एका दमात बोलला. उद्या साहेबांना सगळं खरं सांगतो. बूट कुणी काढायला लावले, तेही. नागोरावची पुरी भरपाई देऊ. चुली वर घेऊ, कंबरेइतका ओटा बांधू, फरशी उखडून खरबरीत दगड घालू.

महाराज ऐकत होते.

“आणि पदमीनला समजावतो,” तो म्हणाला. “तिला शिकवतो.”

“तिला शिकवून झालंय आपलं.”

...

विश्वंभरचे डोळे भरून आले. काही सुचेना, तेव्हा आजवर जे करत आला तेच त्यानं केलं. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला तो खाली वाकला.

महाराजांनी पाय मागं घेतले.

“इथं नको, बाळा. हे पाय कधी भाजले नाहीत.”